बेट निवडण्याआधी वारा बघा : या चुका टाळा

जून लागला की मालवणात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. हे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तरी दर वर्षी कुणीतरी नेमक्या त्याच दिवसांत थायलंडच्या फुकेत बेटावर जायचं ठरवतं आणि तिकीट काढून झाल्यावर मला विचारायला येतं.

देवगडच्या एका बागायतदारांचं असंच झालं. आंबा संपला, हात मोकळा झाला, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून जूनच्या मध्यात पाच जण निघाले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "समुद्र काय आमका नवो नाय." तिथे किनाऱ्यावर लाल बावटा. जवळच्या फी फी बेटांची बोट दोन्ही दिवस रद्द. तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ बावट्याकडे काणाडोळा करून कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि परतणाऱ्या लाटेच्या ओढीने पायाखालची वाळू सरकली. जीवरक्षकाने बाहेर काढलं. बायको-मुलं काठावरून बघत होती. पोहता येणं आणि तो किनारा माहीत असणं वेगळं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला बजावतो.

फुकेत अंदमान समुद्रावर आहे. आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य वाराच मे ते ऑक्टोबर तिथला समुद्र खवळवतो. कोह सामुई थायलंडच्या दुसऱ्या अंगाला, आखातात. तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुट्टीत. श्रीलंकेतही तसंच, दोन अंगांना दोन हंगाम : नैर्ऋत्येकडचं बेंतोटा, मिरिसा हिवाळ्यात चांगलं, पूर्वेकडचं त्रिंकोमाली मे ते सप्टेंबर. मे महिन्याच्या सुट्टीला मी बाली सुचवतो, तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. आधी महिना, मग वारा, मग देश. स्वस्त तिकिटापासून सुरुवात करणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. ते तिकीट स्वस्त का आहे, एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारावा.

मालदीवला विमानतळावर उतरलात म्हणजे पोहोचलात असं नाही. लांबच्या रिसॉर्टना सी-प्लेन लागतं आणि ते फक्त उजेडी उडतं. रत्नागिरीचं एक नवं जोडपं संध्याकाळी उतरलं. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागली, रिसॉर्टच्या पहिल्या रात्रीचे पैसे गेले. उशिरा उतरणार असाल तर स्पीडबोटीच्या टप्प्यातलं बेट घ्या, आणि तिचं भाडं खोलीच्या दरात आहे का ते लेखी मागा.

मालदीवच्या स्थानिक वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालते. मॉरिशसला जानेवारी-फेब्रुवारीत चक्रीवादळांचे दिवस असतात. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

भरतीच्या वेळचे फोटो बघून हॉटेल ठरवू नका. बालीत लहान मुलांसाठी सानूरचा किनारा चांगला, कारण प्रवाळाची भिंत लाटा अडवते. पण ओहोटीला पाणी लांब मागे जातं आणि पोहण्याइतकं उरत नाही. म्हणून तिथल्या तारखा धरताना मी पंचांग उघडतो आणि अष्टमीच्या आसपासचे दिवस बघतो. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी; पाणी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाइतकं आटत नाही.