मेळघाटातले आडरस्ते : वाट कशी धरायची, आणि चुकली तर काय करायचं

मेळघाटात वाट चुकते ती रस्ते फार असल्यामुळे. परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी हा डांबरी रस्ता सोडून हतरू, जारिदा, काटकुंभच्या बाजूला आत शिरलं की थोड्या थोड्या अंतरावर एखादी चाकोरी डावी-उजवीकडे फुटते. त्यातल्या मोजक्याच गावाला जातात. बाकीच्या लाकूड काढायला, तेंदूपत्ता वाहायला, वणवा अडवायला नाहीतर गस्तीला केलेल्या असतात, आणि ते काम जिथे संपलं तिथेच त्या संपतात. मोबाइलच्या नकाशाला यातला फरक कळत नाही, त्याला सगळ्या रेघा सारख्याच. म्हणून फाट्यावर उभं राहिलं की आधी हे ओळखायचं, की समोरचा रस्ता कोणी आणि कशासाठी केलाय.

आधी परवानगीचं

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने पार जायला मुभा आहे. त्या रस्त्यावरून उतरून आतल्या कच्च्या वाटेला लागायचं तर परवाना लागतो. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हाही भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. तेव्हा ज्या गावाला जायचंय तिथला रस्ता सार्वजनिक आहे का, आणि नाका किती वाजता बंद होतो, या दोन गोष्टी वन परिक्षेत्र कार्यालयात किंवा नाक्यावर विचारून घ्या. नाक्यावरच्या नोंदवहीत गाडीचा नंबर, कुठे जाणार आणि परत कधी येणार हे नीट लिहा. गाडी रात्री परतली नाही तर शोध त्या ओळीवरूनच सुरू होतो, म्हणून घाईत 'फिरायला' असं लिहून मोकळं होऊ नका.

घरी बसून करायची कामं

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळवा. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि समोच्च रेषांतलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांतलं) उंचीचं अंतर २० मीटर. जुन्या क्रमांकांप्रमाणे मेळघाट ५५ सी आणि ५५ जी या भागांत येतो. रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे घाट. तिथली कच्ची वाट पावसाळ्यानंतर वाहून गेलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नकाशाच्या समासात सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं, ते बघायला विसरू नका. बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पातून उठून बाहेर वसली; जुन्या नकाशावर ती अजून जागच्या जागी दिसतात. 'पुढे कोहा लागेल, तिथे विचारू' म्हणून निघालात तर तिथे विचारायला माणूस भेटणार नाही.

नावांचा घोळही आधीच सोडवा. मेळघाटात रायपूर आहे, आणि मोबाइलमध्ये नुसतं 'रायपूर' टाकलं तर तो सरळ छत्तीसगडचा रस्ता दाखवायला मोकळा. गावाच्या नावाऐवजी अक्षांश-रेखांश टाका. मेळघाटात अक्षांश २१ ने आणि रेखांश ७६ किंवा ७७ ने सुरू होतो. दुसरं काही दिसलं तर आकडा चुकलाय.

ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन ॲप आणि गुगलचा ऑफलाइन नकाशा, दोन्ही उतरवून घ्या. एकात नसलेली वाट दुसऱ्यात असते. दोघांत वाट वेगवेगळी दिसली तर तो फाटा संशयित म्हणून कागदावर टिपा.

कागदावरची ही फाट्यांची चिठ्ठी सगळ्यात कामाची. नकाशावरून अंतर मोजून ती अशी लिहायची (आकडे नमुन्यादाखल):

०.० – डांबरी सोडली, ट्रिप मीटर (गाडीतला शून्यावर आणता येणारा अंतरमापक) शून्य
२.६ – रपटा (पाणी वरून जाईल असा बुटका काँक्रीटचा पूल), मोठा नाला
४.२ – फाटा; डावी वर चढते, उजवी धरायची
५.० – उजवीकडे वस्ती, विजेचे खांब
७.८ – खिंड, इथून उतार

नकाशावर मोजलेलं अंतर वळणांमुळे नेहमी कमी भरतं. घाटात दर ५ किलोमीटरला अर्धा किलोमीटर वाढवून धरा.

रस्ता कोणाचा, हे कसं ओळखायचं

गावाचा रस्ता वापरात असतो आणि त्याच्या खुणा लपत नाहीत. मोटरसायकलची एक चाकोरी दोन चाकोऱ्यांच्या मधून किंवा कडेने गेलेली असते. शेण असतं, तेही ताजं-जुनं मिसळलेलं. गुटख्याच्या पुड्या असतात. विजेचे खांब रस्त्याबरोबर चालतात, पण आतल्या काही गावांत सौरऊर्जा आहे, तेव्हा खांब नाहीत म्हणून गाव नाही असं समजू नका. केशरी डोक्याचा किलोमीटरचा दगड दिसला तर तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता, म्हणजे गावालाच जाणार. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा.

कूप रस्ता, म्हणजे लाकूडतोडीच्या पट्ट्यात ट्रक नेण्यासाठी केलेला, सुरुवातीला गावरस्त्यापेक्षा रुंद आणि चांगला असतो. इथेच माणूस फसतो. त्याच्या चाकोऱ्या खोल आणि ट्रकच्या रुंदीच्या असतात, मधला उंचवटा मोठा असतो, आणि कडेला सागाची कापलेली बुंधं व त्यावर घातलेले आकडे दिसतात. किलोमीटर-दोन किलोमीटरनंतर तो एका मोकळ्या जागेत गोल फिरून संपतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडांकडे ट्रॅक्टरच्या अशाच नव्या चाकोऱ्या पडतात. ताज्या असल्यामुळे त्या जुन्या गावरस्त्यापेक्षा ठळक दिसतात आणि ड्रायव्हर आपसूक तिकडे वळतो.

जाळरेषा सगळ्यात फसवी. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत-पालापाचोळा जाळून साफ केलेला तो पट्टा असतो. उपग्रहाच्या चित्रात तो सरळसोट रस्ता वाटतो, आणि हौशी लोकांनी चित्र पाहून काही ठिकाणी तो रस्ता म्हणून काढूनही ठेवलाय. ओळखायची खूण अशी : रस्ता चढावर वळणं घेतो, जाळरेषा धारेवरून किंवा कक्षाच्या (वन विभागाने जंगलाचे पाडलेले क्रमांकाचे तुकडे) हद्दीवरून नाकासमोर जाते, मग मधे ओढा येवो नाहीतर कडा. हद्दीवरचे दगडी मुनारे आणि झाडावर किंवा फलकावर रंगवलेला कक्ष क्रमांक बाजूने दिसत असेल तर तुम्ही हद्दीवरून चाललाय, रस्त्यावरून नाही. तो क्रमांक मात्र टिपून ठेवा. मदत मागायची वेळ आली तर वनरक्षकाला 'मोठ्या सागाजवळ'पेक्षा कक्ष क्रमांक लगेच कळतो.

पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, यातलं बरंचसं लपतं. तरोटा कमरेएवढा वाढतो, घाणेरी दोन्ही बाजूंनी आत येते. अशा वेळी चाकोरी डोळ्यांपेक्षा पायाला आधी कळते : उतरून चाला, दाबलेली जमीन कडक लागते.

वाट विचारायची रीत

'हा रस्ता हतरूला जातो ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. पाहुण्याला नाही म्हणायला समोरच्याला अवघड वाटतं, आणि कोरकू बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तुमची मराठी अर्धीच कळलेली असू शकते. 'हा रस्ता कुठं जातो, भाऊ?' असं विचारा आणि गावाचं नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. मग 'चारचाकी जाते का? शेवटची कधी गेली?' कारण 'गाडी जाते' यातली गाडी बहुतेक वेळा मोटरसायकल असते. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, पायी किती वेळ लागतो ते विचारा आणि तासाला ४ किलोमीटर धरा. आणि एक नेमका प्रश्न : 'एसटी येते का?' एसटी येत असेल तर तुमची गाडीही जाईल, आणि रात्री मुक्कामी गाडी असेल तर सकाळी त्या रस्त्याने माणसं नक्की जाणार. यापेक्षा भरवशाचा रस्ता-अहवाल मिळत नाही.

फाट्यावर

थांबा, उतरा, ट्रिप मीटर चिठ्ठीशी ताडून बघा. मग धरलेल्या वाटेवर २० पावलं पुढे जाऊन मागे वळा आणि मागचा फोटो काढा. याचं कारण असं, की जाताना एखादी वाट मागून तिरकी येऊन आपल्या वाटेला मिळते तेव्हा तिथे फाटा आहे हे जाणवतही नाही. परतताना तोच फाटा तोंडासमोर येतो, आणि दोन्ही फांद्या सारख्याच खऱ्या वाटतात. वाट चुकलेल्यांपैकी बरेचजण परतीला चुकतात ते यामुळे. अशी मिळणारी वाट दिसली की आपण ज्या बाजूने आलो तिकडे रस्त्याच्या कडेला तीन दगड एकावर एक ठेवा आणि परतताना मोडून टाका. झाडाला रंग लावू नका, साल सोलू नका, प्लास्टिकच्या पट्ट्या बांधू नका.

मोबाइल नेटवर्क असतानाच नकाशा उघडून जागा पकडू द्या, मग एअरप्लेन मोड लावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नेटवर्क नसताना सुरुवातीची जागा पकडायला काही मिनिटं जातात, आणि नेटवर्क शोधत बसलेला फोन बॅटरी खातो. आलेला मार्ग नोंदवण्याची सोय चालू ठेवा. दाट पानांखाली किंवा अरुंद दरीत ठिपका २०-३० मीटर इकडेतिकडे होतो. फाट्याच्या दोन वाटा सुरुवातीला एवढ्याच अंतरावर असतात. फाट्यावर ठिपका बरोबर दिसतोय म्हणून विश्वास ठेवू नका, २०० मीटर गेल्यावर परत बघा.

पाणी आणि काळी माती

रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचं काँक्रीट दिसत नसेल तर गाडी घालू नका. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी लहान गाडी उचलली जाते, शिवाय रपट्याची कड खालून खचलेली असते ती वरून दिसत नाही. पाण्याच्या कडेला दगड ठेवून १५ मिनिटं बघा. दगड बुडाला तर पाणी चढतंय, मागे उंचावर जा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झालेला असू शकतो. डोंगरातले लहान नाले पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. सिपनासारख्या नदीला जास्त वेळ लागतो.

काळ्या मातीच्या पट्ट्यात एक जोराची सर पुरे. माती टायरच्या खाचांत भरते आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. ॲक्सिलरेटर देत राहिलात तर दोन मिनिटांत गाडी बुडावर बसते. चाक एकदा फिरलं की थांबा, समोरची माती फावड्याने उकरा, चाकाखाली दगड-फांद्या द्या आणि टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा. नंतर हवा भरायला १२ व्होल्टचा पंप सोबत हवाच. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळी घ्या. नाहीतर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जातो.

परत कधी फिरायचं

हे निघण्याआधी ठरवा, तिथे पोचून नाही. चिठ्ठीवरची खूण अपेक्षित अंतरापेक्षा १ किलोमीटर पुढे जाऊनही आली नाही तर परत. निघताना असलेलं एक तृतीयांश इंधन संपलं तर परत. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पिते, म्हणून परतवाडा किंवा धारणीला टाकी भरूनच आत शिरा. कच्च्या रस्त्यावर तासाला १५ किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं, तेव्हा दुपारी २ वाजता कुठेही असलात तरी तोंड डांबरीकडे हवं. अरुंद जागी गाडी वळवताना तोंड दरीकडे आणि पाठ डोंगराकडे ठेवा. मागे काय आहे ते ठोकर लागून कळतं, दरी मात्र डोळ्यांसमोर हवी. सोबतचा माणूस खाली उतरून ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहू द्या.

चुकलातच तर

इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं कान द्या. गुरांच्या घंटा, मोटरपंप, कुऱ्हाडीचा आवाज दूरवर येतो. नंतर शेवटची खात्रीची खूण कोणती, ती किती वाजता आणि ट्रिप मीटरच्या कोणत्या आकड्यावर लागली, ते लिहा. परत फिरायचं ते आपल्याच टायरच्या ठशांवरून त्या खुणेपर्यंत. 'पुढे कुठेतरी निघेलच' हा विचार मनात आला की समजा चूक दुप्पट होणार आहे.

ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं, हा सल्ला मेळघाटात पाळू नका. इथले ओढे गाभा क्षेत्रात, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी आतल्या भागात उतरतात, तिथे गावं उठलेली आहेत, आणि उन्हाळ्यात पाण्याच्या डोहावर अस्वल, रानगवे, वाघ येतात. मोहाच्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल असण्याची शक्यता धरूनच चाला.

गाडी बंद पडली आणि अंधार पडत आला तर रात्र गाडीतच काढा. उन्हाळ्यात माणशी ५ लिटर पाणी त्यासाठीच न्यायचं. दिवसा चालत निघायचं तर आलेल्या रस्त्यानेच, आणि गाव ३ किलोमीटरच्या आत आहे याची खात्री असेल तरच. काचेआड चिठ्ठी ठेवा : किती वाजता, किती जण, कोणत्या दिशेने निघालो.

नेटवर्कसाठी जवळच्या उंच मोकळ्या जागी जा आणि फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवा, तुटक नेटवर्कवर तो आधी जातो. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वन विभागाला १९२६. जागा सांगताना अक्षांश-रेखांश दशांशात, चार आकड्यांपर्यंत सांगा. चौथा आकडा सुमारे ११ मीटरचा असतो. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातून आणून सोबत ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या : भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे. त्याऐवजी घरच्या एका माणसाकडे फाट्यांच्या चिठ्ठीचा फोटो, नाक्याचं नाव आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव' अशी ठरलेली वेळ द्या. डांबरीला लागलात की पहिला फोन त्यालाच करा, नाहीतर तुम्ही धारणीला चहा पीत असताना वनरक्षक जंगलात शोधत फिरायचे.