नेटवर्कवरून इमेजिंग करताय? त्या एका प्रश्नाला 'हो' म्हणू नका

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट होतो. ४० मशीनवर विंडोज टाकायला पेनड्राइव्ह घेऊन खुर्चीखुर्चीवर बसायचं, तीन दिवस मोडायचे. मग फॉग बसवलं, म्हणजे नेटवर्कवरून इमेजिंग करणारं सॉफ्टवेअर. एका मशीनची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची, बाकीची पीएक्सईने (पेनड्राइव्हशिवाय, थेट नेटवर्कवरून) बूट करून त्यांच्यावर ती ओतायची. वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

फॉग इन्स्टॉल होताना विचारतं, डीएचसीपी (मशीनना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सेवा) याच सर्व्हरवर चालवायचं का? आमचे सीनियर म्हणाले होते, "सगळ्याला वाय दाब रे." दाबलं. नुसतं एंटर मारलं असतं तरी वाचलो असतो, कारण तिथे आधीपासून 'नाही'च असतं. घाईतल्या सीनियरपेक्षा इन्स्टॉलरचं ऐका, हे माझं प्रामाणिक मत.

सकाळी फी काउंटरच्या ताई दारात उभ्या. "सर, नेट गेलंय, बाहेर रांग लागलीये." ॲडमिशनचे दिवस! झालं असं की मशीन चालू झालं की ते अख्ख्या नेटवर्कला ओरडून विचारतं, मला आयपी कोण देतंय? आधी उत्तर देईल त्याचा आयपी ते बहुतेक वेळा घेतं. राउटरच्या आधी माझा फॉग बोलत होता. आयपी मिळत होता, पण गेटवेचा, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेचा, रकाना मी रिकामा सोडलेला, म्हणून नेट नाही. बिघडलेल्या मशीनच्या कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) मारा, 'डीएचसीपी सर्व्हर'ची ओळ बघा. तिथे तुमच्याच सर्व्हरचा पत्ता दिसला की समजा, चोर घरातलाच. आणि फॉगवरची डीएचसीपी सेवा बंद केली म्हणून लगेच सुटका नाही. लीज (आयपी वापरायची मुदत) संपेपर्यंत मशीन जुनाच आयपी धरून बसतं. प्रत्येक टेबलावर जाऊन रिलीज, रिन्यू (जुना आयपी सोड, नवा माग) करत फिरलो.

घाबरू नका, उपाय सोपा आहे. डीएनएसमास्क (dnsmasq) नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रॉक्सी मोडमध्ये लावा: आयपी राउटरच वाटेल, हा फक्त बूट फाइलचं नाव सांगेल. राउटरच्या डीएचसीपीत ६६ (बूट सर्व्हरचा पत्ता) आणि ६७ (बूट फाइलचं नाव) हे ऑप्शन असतील तर तेही चालतात. पहिल्यांदाच करत असाल तर लॅबच्या स्विचमधून बाहेर जाणारी केबल सरळ उपटा आणि मग खेळा.

मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम जुना बायोस आहे की नवा यूईएफआय, त्यानुसार बूट फाइल वेगळी लागते. मल्टिकास्ट (एकच इमेज एकाच वेळी सगळ्या मशीनना पाठवणं) रांगत असेल तर सर्व्हरला शिव्या देऊ नका, सगळ्यांचा वेग सर्वांत संथ मशीनवर ठरतो. आमच्याकडे दोषी निघाली २३ नंबरची पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी केबल), क्लिप तुटलेली.