कागदी ख्रिसमस गोळ्याला जुनं रूप देताना

ख्रिसमस ट्रीवर टांगायचा कागदी गोळा जुन्या काळातला वाटायला हवा असेल, तर कागद आधी चहात रंगवा आणि मगच कापा. कापलेले तुकडे भिजवले की कडा वाकड्या होतात, मग काहीच जुळत नाही. कोरा चहा कडक उकळून गार करा, ब्रशने कागदावर फिरवा, वाळला की जड पुस्तकाखाली दाबून ठेवा. जुन्या पानाची प्रिंट वापरायची तर लेझर प्रिंटरवरच काढा. इंकजेटची शाई चहात पसरते. चकचकीत ग्रीटिंग कार्डावर चहा चढतच नाही, त्याच्या नुसत्या कडा तपकिरी स्टॅम्प पॅडवर घासा.

गोळ्यासाठी 5 सेंटिमीटर व्यासाची 20 वर्तुळं लागतात. पुठ्ठ्याचा 4.3 सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण प्रत्येक वर्तुळावर मधोमध ठेवा आणि उरलेल्या तिन्ही पाकळ्या बाहेरच्या बाजूला दुमडा. शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ ओढली की घडी सरळ पडते. आता पाच त्रिकोणांची टोकं एकत्र आणून शेजारच्या पाकळ्या एकमेकींना चिकटवा, की टोपी तयार. अशा दोन करा. उरलेले दहा उलटसुलट जोडून पट्टी बनवा, तिचं कडं करा आणि टोप्या वर-खाली बसवा. दोरा मात्र त्याआधीच वरच्या टोपीतून ओवून आतून गाठ मारा, नंतर हात जात नाही.

चमकी लावायचीच असेल तर फक्त पाकळ्यांच्या कडेला, तीही सोनेरी. चहाच्या रंगावर चंदेरी मला तरी फिकी वाटते.