डिलिव्हरीत तासाला खरंच किती सुटतात?

रत्नागिरीत डिलिव्हरीचं काम धरायला येणारी पोरं पहिलं विचारतात, "दिवसाला किती पडतात?" विचारायचं ते तासाचं. आणि तास कुठून कुठपर्यंत मोजायचा, तेही.

आधी कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात गेला. पण त्यातलं किमान वेतन कर्मचाऱ्याला. आपण गिग कामगार, म्हणजे मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे. आपलं नाव आहे ते त्याच दिवशी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, तेही आपल्याला दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. हा पैसा विमा, आरोग्य, म्हातारपण यांच्यासाठी. तासाचा दर त्यात कुठेच नाही. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी मात्र करून ठेवा. फुकट आहे, आधार लागतं.

टॅक्सीवाले मित्र ८० टक्क्यांचं सांगतात. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा द्यावा असं आहे खरं. पण तो वाटा झाला. भाडंच नाही लागलं, तर कशाचे ८० टक्के?

खरी मेख थांबण्याच्या वेळेत आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात सांगितलं, की चालक आपल्या भागात ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार बसला, की तो कामावर आहे. कॅलिफोर्नियात उलट. २०२० च्या सार्वमतातून आलेल्या कायद्यात किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे, पण फक्त भाडं स्वीकारल्यापासून ते पुरं होईपर्यंतच्या वेळेची. आकडा मोठा दिसतो, बसून काढलेला वेळ मात्र चालकाच्या बोडक्यावर.

आता आपल्याकडे लावून बघा. समजा दहा तास लॉगिन, त्यातले सहा तास ऑर्डरीवर, हातात ९०० रुपये. ॲपच्या हिशेबाने तासाला दीडशे, झकास. त्यातून २५० चं पेट्रोल आणि १०० टायर, ऑइल, ब्रेक शू यांचे बाजूला काढा. उरले ५५०, भागिले दहा, म्हणजे ५५. शंभर रुपये बाजूला काढायला नवखी पोरं कुरकुरतात. आपल्याकडच्या चढ-उतारांत आणि चार महिन्यांच्या पावसात ब्रेक कसे झिजतात, ते पहिल्या श्रावणात कळतं.

परतीचं अंतरही धरा. मारुती मंदिराजवळून पार्सल उचलून भाट्याच्या पुलापलीकडे दिलं, की येताना रिकामंच. ॲप पैसे देतं जाण्याचे, पेट्रोल जळतं दोन्हीकडचं. म्हणून लांबची ऑर्डर दिसली की दुप्पट किलोमीटर धरून भागाकार करा, मग स्वीकारा. वही ठेवा: लॉगिनची वेळ, मीटरचा आकडा, पेट्रोल. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण पावसात ओल्या बोटांना स्क्रीन जुमानत नाही. डिक्कीतली वहीच बरी.

हंगामाच्या भरवशावर फार राहू नका. गणपतीत चाकरमानी येतात, गावं भरतात. पण घरोघरी स्वयंपाक असतो, हॉटेलचं कोण मागवतो? इन्सेंटिव्हचंही, म्हणजे ठरलेल्या ऑर्डरी पुऱ्या केल्यावर मिळणाऱ्या जादा पैशांचंही, तसंच. शेवटच्या दोन ऑर्डरी अडल्या, की रात्री अकरापर्यंत माणूस रस्त्यावर. त्या तासांचाही भागाकारात हिशेब हवा.

जाता जाता विम्याचं. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या, गाडीची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर त्यात सहसा वगळलेला असतो, त्यामुळे डिलिव्हरीत अपघात झाला तर दावा अडू शकतो. विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. एजंट म्हणेल, "काय नाय होत रे." त्याचं काय जातंय?