जुन्या गाड्यांची गँग घेऊन दिवेआगरला तंबू ठोकायला जायचंय? मग असं करा

फियाट, ॲम्बॅसिडर, एखादी काँटेसा अशा आठ-दहा गाड्या पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला न्यायच्या तर रस्ता साधारण १६०-१७० किलोमीटरच, पण नवीन गाडीचा हिशोब लावू नका, सहा तास धरा आणि पहाटे ५ ला निघा. भीती ताम्हिणी घाटाची नाही, वाटेतल्या माणगाव गावाची आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे ट्रॅफिक तुंबतं, आणि आपल्या गाड्यांचा फॅन इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे गाडी उभी की फॅन मंद आणि टेम्परेचरचा काटा वर.

आठवडाभर आधी बॉनेट उघडून फक्त रबर बघा, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, पेट्रोलची नळी. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला खातं, त्यामुळे नळी मऊ पडली असेल तर विचार न करता बदला. डिकीत पॉइंट आणि कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणारे छोटे भाग), प्लग, एक जादा बेल्ट, टोइंगचा दोर आणि पाण्याचा कॅन. (पॉलिशचा डबा घरी ठेवा, फोटो मळक्या गाडीचेही छान येतात!)

निघताना सगळ्यात हळू गाडी पुढे, आणि ज्याला खरंच पाना चालवता येतो तो सगळ्यात मागे. प्रत्येकाने आरशात मागची गाडी दिसतेय ना एवढंच बघायचं, वळणावर दिसली नाही तर थांबायचं.

ताम्हिणी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तापले की पेडल दाबूनही गाडी थांबेना होते. ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. खाली उकाड्यात गाडी अचानक बंद पडली तर घाबरायचं नाही, बऱ्याचदा पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते. पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो त्यावर, ओलं फडकं टाका, चहा प्या, मग स्टार्टर मारा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही.

तंबू सुरूच्या बनाच्या कडेला, ग्रामपंचायतीत किंवा वाडीच्या मालकाला विचारूनच. नारळाखाली अजिबात नको, का ते सांगायला नको. वाळूत छोट्या खुंट्या धरत नाहीत, पिशवीत वाळू भरून ती दोरीला बांधून पुरा.

आणि गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरवू नका! आमच्यातल्या एकाने फोटोसाठी उतरवली, मागची चाकं रुतली, भरती चढायला लागली, शेवटी गावातला ट्रॅक्टर आला म्हणून वाचली. भरतीचा अंदाज हवा असेल तर कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा तंबू अजून मागे घ्या.

रविवारी जेवून लगेच निघू नका, तोच माणगावचा जाम परत भेटेल, एक तर सकाळी लवकर नाहीतर सरळ सोमवारी रजा. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवा, मडगार्डच्या आतून, दाराच्या खालच्या भोकांतून. खारं वारं पत्र्याला आतूनच खातं, आणि नवा पत्रा कुठून आणणार?