पाळीव शॅमेलिऑनचे आरोग्य : पुण्यातील घरांसाठी काही सूचना

शॅमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा आपले दुखणे शेवटपर्यंत लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तावडीत लवकर सापडतो, त्यामुळे हा स्वभाव त्याच्या अंगी भिनलेला आहे. तो आजारी असल्याचे मालकाच्या लक्षात येईपर्यंत आजार बहुधा जुना झालेला असतो, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा पिंजऱ्यातील प्रकाश, पाणी किंवा खाद्य यांच्या चुकीच्या व्यवस्थेत असते. म्हणून येथे औषधांपेक्षा रोजच्या देखभालीवर अधिक भर दिला आहे.

त्याआधी कायद्याविषयी सांगणे आवश्यक आहे. पुण्याच्या आसपासच्या माळांवर आणि झुडपांत आढळणारा घोयरा सरडा हा भारतीय शॅमेलिऑन असून त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. जखमी घोयरा आढळल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. घरांत पाळले जातात ते प्रामुख्याने येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड आणि मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन. तेही कागदपत्रांशिवाय घेऊ नयेत, आणि घेतल्यावर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी.

सर्वाधिक हानी होते ती अतिनील-बी किरणांच्या अभावामुळे. हे किरण त्वचेवर पडले की शरीरात ड3 जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने आतडे अन्नातील कॅल्शियम शोषून घेते. किरण मिळाले नाहीत, तर शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी ते हाडांतून काढू लागते. मग पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, फांदीवरची पकड सुटते आणि जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी असते, कारण काच हे किरण अडवते. पिंजऱ्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची अतिनील-बी नळी लावून ती रोज सुमारे बारा तास चालू ठेवावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. नळी उजळ दिसत असली, तरी तिच्यातील उपयुक्त किरण आधीच क्षीण झालेले असतात.

शेक घेण्याच्या फांदीवर 29 ते 32 अंश सेल्सियस तापमान पुरते. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच तेवढी तापत असेल, तर शेकाचा दिवा बंद ठेवावा, पिंजरा पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवावा आणि पाण्याचे फवारे वाढवावेत. डिसेंबर-जानेवारीत मात्र पिंजरा रात्री बाल्कनीत राहू देऊ नये. घरात 15 ते 20 अंश तापमान असेल, तर रात्री कोणत्याही दिव्याची गरज नसते. लाल दिवाही नको, कारण शॅमेलिऑनला झोपेसाठी पूर्ण काळोख लागतो.

शॅमेलिऑन सहसा वाटीतले साठलेले पाणी पीत नाही. पानावर थेंब जमला की तो आधी एक डोळा त्याच्याकडे वळवतो, काही वेळ स्थिर राहतो आणि मग हळूहळू जिभेने तो टिपू लागतो. या क्रियेला वेळ लागतो, म्हणून दोन-चार सेकंदांचा फवारा पुरेसा नसतो; सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटे फवारावे किंवा वरून थेंब-थेंब पाणी पडेल अशी सोय करावी. पाणी पुरेसे मिळते की नाही, हे विष्ठेवरून समजते. तिच्यासोबत पडणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढरा असावा. तो पिवळसर किंवा नारिंगी होऊ लागला, तर शरीरात पाणी कमी पडत आहे. माझ्या मते कोणत्याही यंत्रापेक्षा ही रोजची पाहणी अधिक भरवशाची आहे.

पावसाळ्यात अडचण उलट असते. हवा दमट असताना काचेच्या टाकीत ओलावा कोंडतो आणि श्वसनमार्गाचा संसर्ग होतो, म्हणून चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा उत्तम. दोन फवाऱ्यांमध्ये पाने पूर्ण वाळू द्यावीत. आत जास्वंद लावल्यास आडोसा मिळतो आणि व्हेल्ड तिची पानेही खातो; कण्हेर मात्र विषारी असल्याने टाळावी. पिंजऱ्याजवळ मच्छर अगरबत्ती, उदबत्ती किंवा कीटकनाशक वापरू नये.

खाद्य म्हणून क्रिकेट (रातकिडे), डुबिया झुरळे आणि रेशीम अळ्या द्याव्यात. त्या कीटकांना आदल्या दिवशी गाजर, भोपळा व हिरवा पाला खाऊ घालावा आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी लावावी. ड3युक्त जीवनसत्त्वे महिन्यातून दोनदा पुरतात, कारण त्यांचा अतिरेकही मूत्रपिंडांना घातक ठरतो. बाहेरून पकडलेले कीटक देऊ नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत दिसणारे काजवे तर कधीच नकोत, कारण काही जातींच्या काजव्यांमधील विषाने सरडे दगावतात.

व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तिच्यासाठी किमान 30 सेंटिमीटर खोल ओलसर वाळूचे भांडे कायम ठेवावे. जागा न मिळाल्यास अंडी पोटातच अडकतात आणि जीव धोक्यात येतो.

दिवसा डोळे मिटलेले राहणे, डोळे खोल जाणे, शेक घेत नसतानाही तोंड उघडे ठेवणे, नाकातोंडातून फेस येणे किंवा फांदीवरून पडणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. माणसांच्या गोळ्या किंवा उरलेले प्रतिजैविक देऊ नये. जाताना हवेशीर खोक्यात पकडायला फांदी बसवून वर कापड टाकावे, आणि उन्हाळ्यात दुचाकीऐवजी रिक्षा करावी. सोबत डबीत ताजी विष्ठा, दर आठवड्याच्या वजनाची नोंद आणि पिंजऱ्याचा दिव्यांसह काढलेला फोटो न्यावा. फोटोतील नळीचे अंतर पाहूनच डॉक्टरांना अनेकदा निदानाची दिशा मिळते.