हवामानबदल शिकायचाय? हर्बेरियममध्ये बसा

‘हवामानबदलावर काम करायचंय, पण सॅटेलाइट आणि मॉडेलिंग झेपत नाही,’ असं बॉटनीची मुलं विचारतात. त्यांना मी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात पाठवतो. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे आणि आघारकर संस्था, मुंबईत झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. माल भरपूर आहे, बघणारे कमी.

तिथली शीट म्हणजे वाळवलेली फांदी चिकटवलेला, लेबल लावलेला कागद. फांदीवर फुलं आणि लेबलावर तारीख असली, की त्या दिवशी ते झाड तिथे फुललं होतं याचा पुरावा हाती येतो. बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षउद्यानातल्या शीट अशाच वाचून २००४ साली एक शोधनिबंध निघाला. १९००-१९२० च्या तुलनेत १९८०-२००२ मध्ये तिथली झाडं सरासरी ८ दिवस आधी फुलत होती.

पण तोच साचा सह्याद्रीला लावू नका. तिकडे वसंतातली ऊब मोजली की भागतं, इकडे पाऊस बघावाच लागतो. जुनी पर्जन्यनोंद हवामान खात्याच्या पुण्यातल्या राष्ट्रीय डेटा केंद्राकडे मागता येते. झाड निवडताना थोडेच दिवस फुलणारं, पटकन ओळखू येणारं आणि अनेकांनी गोळा केलेलं बघा. कारवीचा मोह सगळ्यांना होतो. आठेक वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झुडपाचा दरवर्षीचा कल काढणार कसा?

खरा वेळ लेबलं खातात. ‘किरकी’ म्हणजे खडकी हे कळतं, पण नुसतं ‘कोंकण’ लिहिलेली शीट नकाशावर कुठे ठेवायची? ती बाजूला काढा. फुललेल्या शीटचीही प्रतवारी करा: कळ्या जास्त, पूर्ण बहर, की फळं धरायला लागलेली? तिन्ही एकाच ‘फुलं आहेत’ या रकान्यात टाकली, तर काही दिवसांचा फरक तिथेच बुडतो. शिवाय जुने संग्राहक सोयीच्या वाटेने जात. एखाद्या ठिकाणच्या शीट नाहीत म्हणजे तिथे झाड नव्हतं, असं होत नाही.

तारखेपलीकडे पानंही कामाची. केंब्रिजच्या हर्बेरियममधल्या पानांवरून वुडवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवलं, की कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी ८ वृक्षजातींच्या पानांवरच्या रंध्रांची (हवा आत-बाहेर करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांची) घनता दोनशे वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. हे आपल्याकडेही करता येतं. पानाच्या तुकड्याच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळल्यावर सेलोटेपने पापुद्रा उचलायचा, स्लाइडवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं मोजायची. पान लवदार असेल तर ठसा नीट उठत नाही, दुसरी जात बघा.

हातमोजे घालाच. कीड लागू नये म्हणून जुन्या शीटना मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असतं, ते विषारी आहे. चहाला उठण्याआधी हात साबणाने धुवा.

परवानगीच्या अर्जात जात, शीटची संख्या, काय मोजणार आणि पानाचा तुकडा हवा की नुसता फोटो, हे स्पष्ट लिहा. टाइप शीटचा, म्हणजे ज्या नमुन्यावरून जातीचं नाव ठरलं त्या शीटचा तुकडा मागू नका, मिळणार नाही. फक्त तारखाच हव्या असतील तर आधी इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियमवर शोधा, प्रवासाचा खर्च वाचेल.